जोडीदाराची चादर

"एक न्हाय, दोन द्या. आमी दोघं होतो की."

सत्काराची चादर खांद्यावर पडली रे पडली, की म्हातारा हात पुढे करून हेच म्हणायचा. पाहुणे कसनुसं हसायचे. मागच्या रांगेतून कुणीतरी हमखास पुटपुटायचं, "हावरट हाय लेकाचा!" माझं चादरी-टॉवेलांचं दुकान, आणि आमच्या सोलापुरात सत्कार म्हटला की चादर आलीच. शेवटी म्हाताऱ्याचा सत्कार आहे असं कळलं की मीच न सांगता दोन बांधून द्यायला लागलो.

तुम्हीही त्याला पाहिलं असेल. फौजेतून निवृत्त झाल्यावर चिंचोळी एमआयडीसीत एका फाटकावर वॉचमन होता. मालाची गाडी आली तरी असा खणखणीत सॅल्यूट ठोकायचा, की ड्रायव्हरच ओशाळायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सुटीला माझ्या दुकानाच्या बाकावर यायचा. "बसू का जरा?" विचारायचा, आणि मी काही म्हणायच्या आत बसलेला असायचा. बोलणं मात्र बेताचंच.

एका झेंडावंदनाला अध्यक्षांनी त्याला थेट स्वातंत्र्यसैनिकच करून टाकलं. "इंग्रजांशी लढलेले आपले..." म्हाताऱ्याने माईकच ओढला.

"ओ सायेब, इंग्रज गेले तवा मी जन्मलोबी नव्हतो! आमी लढलो ते बांगलादेशासाठी. दुसऱ्याचा देश सोडवला, ज्येचा त्येला दिला, आन् परत आलो." मग जरा थांबून म्हणाला, "म्हंजे, मी आलो."

टाळ्या कडाडल्या. शेवटचं वाक्य कुणाच्या कानात शिरलं नाही.

त्याचा जोडीदार सांगोल्याकडचा, धनगराचा पोरगा. दोघं एकदमच भरती झालेले, एका ताटात जेवलेले. तिकडे एका नदीकाठी तो पडला, तिथेच त्याला अग्नी दिला. गावात त्याच्या नावाचा ना दगड, ना पाटी. "त्येचा सत्कार कोण करणार हो शेठ? म्हणून त्येचा वाटा मीच मागून घेतो," म्हातारा एकदा म्हणाला. मग दुसरी चादर घेऊन एसटीने जोडीदाराच्या धाकट्या बहिणीच्या गावी जायचा, तिच्या हातात द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मला त्याचं कौतुक वाटायचं, आणि वाईटही. एवढ्या मोठ्या सोलापुरात 'तुला आठवतं का रे' म्हणायला त्याला एक माणूस नव्हता.

गेल्या थंडीत म्हातारा गेला. फाटकावरचे दोघे-तिघे, मी, आणि कुठलासा पुतण्या. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. पुतण्या तसाच गाडी पकडून गेला. बहिणीला कळवायचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून मीच गेलो.

बाई दारात शेळ्यांना पाला टाकत होती. साठीची असेल. मी कोण, कशाला आलो, सगळं सांगितलं.

"दादा गेला तवा मी लई बारकी हुते," ती म्हणाली. "त्येचं तोंड आठवत न्हाय मला. चादर घेऊन येनाऱ्या ह्येंचंच तोंड दादाचं म्हणून धरून बसले हुते."

पाला तिथेच टाकून ती हौदापाशी गेली. मला वाटलं, हात धुवून चहा टाकेल. तिने तांब्या भरला आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून ओतून घेतला. आतून सून धावत आली, "आत्या, अवं काय हे?"

बाई पुन्हा तांब्या बुडवत म्हणाली, "चूल नगं पेटवू आज. मला सुतक हाय."