डोळ्याखालचा भोवरा

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. निवृत्तीनंतर हाताशी रिकामा वेळ आला, तेव्हापासून तर जास्तच छळतं.

माजिवड्याजवळच्या तबेल्यातून वरातीची एक काळी घोडी चोरीला गेली होती. घोडेवाला आणि त्याची बायको फिर्याद द्यायला आले, तेव्हा मी पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी घेत होतो.

"साहेब, गाभण आहे ती," बाई म्हणाल्या. "महिन्याभरात विणार. लांब नेली तर शिंगरू हातचं जाईल."

घोडेवाल्याने घोडीचं नोंदणीपुस्तक टेबलावर ठेवलं. घोड्यालाही असं पुस्तक असतं, हे मला तेव्हा कळलं. त्यात तिच्या आई-बापाची नावं, मानेत टोचलेल्या चिपचा नंबर आणि एक रेखाचित्र होतं. अंगावरचे केसांचे भोवरे कुठे आहेत ते चित्रावर फुल्या मारून दाखवतात. आपल्या बोटांचे ठसे, तसे घोड्याचे भोवरे. जन्मभर बदलत नाहीत.

दोन दिवसांनी एका नालबंदाचा फोन आला. "साहेब, माझं नाव मध्ये आणू नका. कल्याणच्या पुढे एका फार्महाउसवर काळी घोडी आलीय. तिचे नाल मीच ठोकलेले. माझं काम मी ओळखणार नाय का?"

आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन तिथे पोचलो. फार्महाउसवाला अगदी शांत. त्याने चहा मागवला आणि स्वतःचं नोंदणीपुस्तक पुढे केलं. डॉक्टरांनी घोडीच्या मानेवर यंत्र धरलं. नंबर त्याच्या पुस्तकाशी जुळला. चित्रही जुळलं. घोडीच्या उजव्या डोळ्याखाली ठसठशीत भोवरा होता, त्याच्या चित्रात तिथे फुली होती. फिर्यादीच्या चित्रात ती जागा कोरी. घोडी हलवणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि तिला तिथेच ठेवून परतलो.

मग घोडेवाल्याला बोलावून फैलावर घेतलं. "दुसऱ्याची घोडी आपली म्हणतोस? खोटी फिर्याद दिलीस म्हणून आत टाकू?" तो मान खाली घालून बसला. खोटारडा माणूस पटापट उत्तरं देतो, असा माझा अनुभव. हा काहीच बोलेना, आणि माझी तगमग सुरू झाली. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते उमगेना. जेवताना, डायरी लिहिताना ती दोन चित्रंच डोळ्यांसमोर यायची.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच आल्या.

"साहेब, भोवरा आहे तिला. आम्हीच चित्रात घालू दिला नाय. डोळ्याखाली भोवरा असला की ती घोडी धन्याला रडवते म्हणतात. कळलं तर लग्नाला कोण बोलावणार आम्हाला? वरातीत मी तोंडावर मोत्यांच्या माळा सोडायची, कोणाला दिसू नये म्हणून."

"मग नवरा बोलला का नाही?"

"खोटी नोंद केली म्हणून तुम्ही त्यालाच धराल, घाबरलेला तो."

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "एक चिप वाजली आणि आपण थांबलो. आणखी एक असू शकते. जुनी चिप कधीकधी खाली सरकते."

फार्महाउसवर पोचलो तर घोडी नाही. नाकाबंदी लावली, दुपारी महामार्गावर टेम्पो अडवला. घोडी घामाने निथळत उभी होती. डॉक्टरांनी यंत्र मानेपासून खाली फिरवलं. खांद्याजवळ ते पुन्हा वाजलं. नंबर घोडेवाल्याच्या पुस्तकातला होता.

फार्महाउसवाला अर्ध्या तासात कबूल झाला. चोरीची घोडी स्वस्तात घेतली, नवी चिप टोचली आणि तिच्यावर नवं पुस्तक काढलं. घोडी समोर उभी करूनच काढलं, म्हणून चित्र बिनचूक.

घोडी घरी आली, पण त्याच आठवड्यात गाभडली. समजताच मी तबेल्यात गेलो. घोडेवाला घोडीची पाठ चोळत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

बाई म्हणाल्या, "तुम्ही काय करणार साहेब? खोटं आम्हीच लिहिलेलं ना."

कागद खरा की खोटा हे तपासण्याआधी तो कधी आणि कोणाच्या सोयीने लिहिला ते बघावं, हे मी पुढे प्रत्येक नव्या फौजदाराला शिकवलं. कुठून शिकलो ते मात्र कधी सांगितलं नाही. फार्महाउसवाल्याच्या पुस्तकावरची तारीख चोरीच्या दुसऱ्या दिवसाची होती. पहिल्याच भेटीत ती माझ्या नजरेखालून गेली होती, आणि चहाचा कप हातात असताना मी पान उलटलं होतं.

त्या दिवशी तबेल्यात मी हे त्या बाईंना सांगायला हवं होतं. मी नुसती मान डोलावली.