दोन गरांचा बदाम

"उतरवा बाबा ही फ्रेम. सगळ्याच उतरवा," जुबेदाआपा म्हणाल्या. उद्घाटन तोंडावर आलेलं आणि चित्रं त्यांच्या घरची. फ्रेमा गेल्या की आमच्याकडं उरणार नुसते खिळे.

मी आर्ट कॉलेजात ग्राफिक्स शिकवायचो. म्हणजे लाकूड कोरायचं, शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा. पोलीस ॲक्शननंतरच्या औरंगाबादेत शकुंतलाबाई देशमुख असे ठसे करायच्या. त्या कोरायच्या, छापायच्या आपा. शकुंतलाबाई जाईपर्यंत दोघी एकाच घरात राहिल्या. हे त्यांचं पहिलंच प्रदर्शन. प्रत्येक चित्रात कुठंतरी एक फोडलेला बदाम, आत दोन गर.

लेबलं माझी. आमच्या सिल्लोडकडं नव्या नवरीला जुळं केळं खाऊ देत नाहीत. जुळी होतात म्हणे. तोच हिशेब मी बदामाला लावला आणि लिहिलं, 'निपुत्रिक कलावतीची मातृत्वाची आस.' स्वतःवर लई खूश होतो.

"ये क्या लिखको रखे तुम?" आपा म्हणाल्या. "शेजारची पोरं चेंडू मागायला आली तरी शकू कडी लावून घ्यायची. तिला कसली आस?"

"मग हा बदाम? जुळं खाल्लं की जुळी होतात ना?"

"दोन गर निघाले की दोघी एकेक खातात. मग त्या एकमेकींच्या दोगाना."

"म्हणजे मैत्रिणी?"

आपांनी मला नीट पाहून घेतलं. "लग्न झालंय ना तुमचं?"

"व्हय."

"मग समजा की थोडं."

समजलो. कान तापले. मागून प्राचार्य मॅडम म्हणाल्या, "सर, लेबल बदलताय की प्रदर्शन गुंडाळायचं?"

मी आपांना हळूच विचारलं, "खरं लिहिलेलं चालेल? लोक काय म्हणतील?"

"गल्ली आम्हाला बहिणी म्हणायची. एक देशमुख, एक सय्यद, तरी बहिणी. लोकांचं काय घेऊन बसलात? लिहा."

मी लिहिलं, 'दोगाना. कोरलं शकुंतलानं, छापलं जुबेदानं.' आपांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं. फ्रेमा राहिल्या.

प्रमुख पाहुण्यांनी लेबल वाचून विचारलं, "दोगाना म्हणजे दोघांनी म्हणायचं गाणं ना?"

"तेच," आपा म्हणाल्या. "लई वर्षं म्हटलं."

ठशात डावं-उजवं उलटं होतं, म्हणून कोरलेलं लाकूड छापण्याआधी आरशात बघून तपासावं, असं मी जन्मभर पोरांना शिकवलं. लेबलाला आरसा नसतो. ते ज्याचं त्याला आधी वाचून दाखवावं.

निघताना आपांनी माझ्या हातावर एक फोडलेला बदाम ठेवला.

"खावा बाबा. एकच गर आहे. जुळी नाय होणार."