दर रविवारी बिशानला येणारे लिंकन

आधीच माफी मागतो. नववी अर्ध्यात सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच येणार. मी सिंगापूरला जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डर आहे. जहाजावर गंज कुणी मुद्दाम चढवत नाही, तो आपोआप चढतो. किस्स्यांचंही तसंच. आमच्या भाषण मंडळात सहा महिन्यांत एवढे चढलेत, की आता खरवडून काढायलाच हवेत!

मंडळ म्हणजे रविवारी सकाळी बिशानला देवधरकाकांच्या फ्लॅटमध्ये जमणारी आम्ही सात-आठ मराठी माणसं. काका म्हणजे बोटीवरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. एकेकाने उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, मग चहा. बाकीचे हौसेने येतात, मी गरजेने. आमचा फोरमन लिम मला सुपरवायझर करायला तयार आहे, पण त्याची एक अट आहे. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी चाळीस कामगारांसमोर सेफ्टीवर बोलायचं. "संध्याकाळी मी कुणालाही धरून विचारणार, महेश सकाळी काय बोलला? आठवलं तर तू पास. नाही आठवलं तर बॅक टू वेल्डिंग!"

मला चार माणसांत स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो.

*

मी गेलो त्या पहिल्याच रविवारी तीन भाषणं झाली. विषय होते अपयश, वेळेचं नियोजन आणि आंबेमोहोर तांदूळ. तिन्हीत अब्राहम लिंकन!

अपयशात ते येणारच, निवडणुका हरले होते. वेळेचंही समजू शकतो. पण तांदूळ? तांदळावर बोललेल्या मीनलताई माझ्या शेजारीच येऊन बसल्या. मी भीत भीत विचारलं, "ताई, तांदळात लिंकन कसे आले?"

"अरे, किती गरिबीत वाढले ते! आंबेमोहोर कुठला मिळायला?"

*

सुहासदादा चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटी मॅनेजर आहेत. कॉन्डोत राहतात, खाली स्विमिंग पूल आहे. लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेलं पोर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालं, हे सांगताना त्यांचा गळा दाटतो. दरवेळी त्याच वाक्याला दाटतो.

एकदा ते स्वतःवर आले. "मित्रांनो, मीसुद्धा हलाखी पाहिली आहे. डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती!"

काकांनी शांतपणे विचारलं, "कितवा मजला?"

"पहिला."

*

मीनलताई बँकेत आहेत, बुकित पंजांगहून येतात. त्यांचं गुलामगिरीच्या अंतावरचं भाषण अजून माझ्या कानात आहे. आवाज असा लावला होता, की समोरच्या ब्लॉकमधल्या आजीबाई खिडकीत आल्या.

ऐन रंगात त्यांचा फोन वाजला. घरी मुलाला सांभाळणाऱ्या बाईंचा होता. रविवार त्यांच्या सुट्टीचा, नऊला सुटायचं ठरलेलं आणि आता साडेदहा झालेले.

"येस, येस, आय नो इट्स युअर ऑफ डे! माय स्पीच नॉट फिनिश्ड. आय कम होम, देन यू कॅन गो, ओके?"

फोन ठेवून ताई आमच्याकडे वळल्या. "तर मी काय सांगत होते? माणसाचं स्वातंत्र्य उद्यावर ढकलता येत नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

*

हे थांबवलं ते काकांच्या नातीने, रेवाने. वय वर्षं दहा. भाषणांच्या वेळी स्टॉपवॉच तिच्याकडे असतं.

"आजोबा, धिस लिंकन नेव्हर कम सिंगापूर, राइट?"

"नाही गं बाळा. तो काळच वेगळा होता."

"देन व्हाय एव्हरी संडे ही कम अवर हाउस?"

त्या दिवशी नियम झाला. भाषणात जो लिंकनचं नाव घेईल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. पुढचे चार रविवार चहा सुहासदादांनीच केला. पाचव्या रविवारी ते ठरवून आले होते. "मित्रांनो, एक उंच गृहस्थ होते. दाढी होती. काळी उंच टोपी घालायचे. नाव मी सांगणार नाही..."

"सुहास," काका म्हणाले, "दूध फ्रिजमध्ये आहे."

*

त्या टोपीचीही एक गोष्ट काकांनी सांगितली. लिंकन वकिली करायचे तेव्हा महत्त्वाची पत्रं, कागद त्या उंच टोपीतच ठेवायचे. जिथे डोकं, तिथे कागद!

सुहासदादा खूप हसले. "आम्ही क्लाऊडवर ठेवतो, काका."

त्याच रविवारी त्यांचं भाषण क्लाऊडवर होतं आणि वायफाय बंद होतं. दादांची पाच मिनिटं नेहमी वीसची होतात, त्यामुळे त्या दिवशी आम्हाला चहा वीस मिनिटं लवकर मिळाला.

*

गेल्या रविवारी काका मला म्हणाले, "महेश, उद्या यार्डात उभं राहायचंय ना? मग आज इथे उभा राहा. विषय तुझा तू घे."

सहा महिन्यांत मला एकच विषय पाठ झाला होता. उठलो.

"नमस्कार. लिंकन सगळं मिळून जेमतेम एक वर्ष शाळेत गेले. मी साडेआठ वर्षं गेलो."

पुढचं सगळं पुसलं गेलं. "धन्यवाद," म्हणालो आणि बसलो.

"इलेव्हन सेकंड्स," रेवा म्हणाली.

सुहासदादा माझ्याकडे बघत राहिले. "महेश, तू... मला वाटलं, निदान डिप्लोमा तरी असेल."

मी मान खाली घातली. मीनलताई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. तेवढ्यात काकांनी घसा साफ केला.

"महेश, नाव घेतलंस. दूध फ्रिजमध्ये आहे."

चहा चांगला झाला होता. सुहासदादांनी दोन कप घेतले.

दुपारी कामगारांच्या डॉर्मिटरीत परत आलो आणि लिमने दिलेल्या विषयावर पाच मुद्दे कागदावर लिहिले. वीस वेळा म्हटले. वीसही वेळा विसरलो.

*

सोमवारी सकाळी साडेसातला चाळीस माणसं ड्रायडॉकच्या, म्हणजे कोरड्या गोदीच्या, काठावर रांगा करून उभी होती. कुणी तमिळ, कुणी बंगाली, कुणी चिनी. लिम हाताची घडी घालून बाजूला उभा.

"ओके, महेश. टुडे यू."

मी पुढे झालो. "गुड मॉर्निंग," म्हणालो. त्यानंतर डोक्यात नुसता वारा. पहिल्या रांगेतला एकजण जांभई देत होता. लिमने घड्याळाकडे पाहिलं.

मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं. आतल्या पट्ट्यांत खोचलेला कागद बाहेर घेतला. हेल्मेट काखेत धरलं, कागदाची घडी उलगडली आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं,

"पॉइंट नंबर वन. इनसाइड द यार्ड, नेव्हर रिमूव्ह युअर हेल्मेट!"