पहिला घास जाणतीचा

डोळा लागतोय असं वाटतं, तेवढ्यात टोपातल्या शिंपल्यांपैकी एखादी टक् करून मिटते आणि मी परत जागी होते. दुपारची वेळ. लाईट गेलेली. स्वयंपाकघराच्या गार लादीवर पदर अंथरून मी आडवी झाले आहे आणि उशाशीच तो टोप आहे. खाडीतून काढलेल्या तिसऱ्या, म्हणजे या शिंपल्या, वाळू टाकायला पाण्यात ठेवल्या आहेत. शिंपा जराशा उघडतात, पाणी सोडतात, परत मिटतात. मी या कुशीवर वळते, त्या कुशीवर वळते. पलीकडच्या खोलीत माझी लेक प्रणाली झोपली आहे, पहिल्या बाळंतपणाला आलेली. सातवा सरत आलाय. पनवेलहून आली, अजून पिशवी खाली ठेवली नव्हती तर म्हणाली, "आये, मला एकशिपी कर." तिसऱ्यांचं ओल्या खोबऱ्यातलं सुकं, बस. दुसरं काही मागितलं नाही पोरीनं.

करायची की नाही, हे काही केल्या ठरत नाही. वरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत येतं, हे आमच्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कधी तांबूस येतं, कधी फेसाळ, कधी नाकाला पदर लावावा लागतो. मागे मासे मरून काठाला लागले तेव्हा साहेब लोक बाटल्या भरभरून पाणी घेऊन गेले. त्या बाटल्यांचं पुढे काय झालं, देव जाणे. आणि मी कोण, तर अंगणवाडीची सेविका. गरोदर बायांना काय खावं, काय टाळावं हे सांगत गावभर हिंडणारी. स्वतःच्या लेकीचे डोहाळे म्हटल्यावर माझं सगळं शहाणपण कुठे गेलं कोण जाणे. शेजारीण म्हणाली, पैलतीराच्या चांगल्या असतात. मी लगेच पैलतीराला गेले.

"सरक गो जरा तिकडं."

डोळे न उघडताच मी सरकते. मग कळतं, हा आवाज भामावयनीचा आहे. माझी थोरली जाऊ. तिला जाऊन दोन शिमगे झाले.

ती टोपाशी बसली आहे. लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"तू कशी आलीस?" मी विचारते.

"पायांनी. मला काय गाडी पाटवलीवतीस?" टोपात हात घालत ती म्हणते, "पयला घास माजा."

आमच्या घराची ती रीतच आहे. खाडीतलं काहीही शिजलं की आधी घरातल्या जाणत्या बाईनं चाखायचं. कधी समुद्राचं पाणी आपसूक लाल होतं, त्या लाल पाण्याच्या दिवसांत तिसऱ्या विषारी होतात, जिभेला मुंग्या येतात. म्हणून जाणतीनं दोनचार खायच्या, ओटीवर जाऊन थोडा वेळ गप्प बसायचं. तिला काही झालं नाही की पानं वाढायची. सासू गेल्यावर हे काम भामावयनीकडे आलं. तिच्या चाखण्यावर आम्ही सगळे जेवलो, घरातली पोरं वाढली, प्रणालीसुद्धा.

मी हात टेकून उठायला जाते तर लादी मऊ लागते. हात मनगटापर्यंत आत जातो. ओहोटीचा चिखल आहे. आम्ही दोघी कमरेइतक्या खाडीत आहोत, टोप दोरीनं तिच्या कमरेला बांधलेला, पाण्यावर डुलतोय. थोड्या अंतरावर माझी मसाल्याची मांडणी चिखलात उभी आहे आणि त्याचं मला काहीच वाटत नाही. भामावयनी टाचेनं तिसरी चाचपते, वाकून काढते, नखानं उघडते आणि तशीच तोंडात टाकते. मग दुसरी.

"अगं, कच्च्या कसल्या खातेस?"

"चाकतंय."

"जिभेला मुंग्या येतायत काय?"

"कदी आल्या?" ती एकदम चिडते. "इतक्या वर्सांत येक दीस तरी आल्या?"

"मग चांगल्याच हायत की."

"ह्येच! ह्येच बोललात तुमी सगली. भामी खाल्लान, भामी ठनठनीत हाय, वाडा पानं."

मी काही बोलणार तर आम्ही अंगणवाडीत आहोत. पोरं पंगतीला बसली आहेत, समोर रिकाम्या ताटल्या. दाराखालून चहाच्या रंगाचं पाणी आत येतंय, त्यावर फेस. पोरं पाय उचलून घेतात पण कुणी उठत नाही. रांगेत प्रणाली आहे, फ्रॉकमधली, दोन वेण्या घातलेली, आणि फ्रॉकखाली सातव्या महिन्याचं पोट. ती ताटली पुढे करते. भामावयनी तिच्याकडे बघतही नाही, भराभर खात सुटते. शिंपांचा ढीग तिच्या गुडघ्यापर्यंत येतो.

"पुरे गो वयनी! किती खाशील?"

"सगल्या. येकसुदीक उरवायची नाय हिला."

"अशी खाडी संपते काय खाऊन?"

"ठावं हाय मला. म्हनून तर दम लागलाय." ती थांबते, धापा टाकते. "मी कशानं गेलू गो?"

"तापानं."

"ताप कशानं आलावता?"

"डॉक्टरनं काय सांगितलं नाय."

"मग तुला ठावं नाय, मला ठावं नाय, डाकतरला ठावं नाय. आनी माज्या चाकन्यावर तुमी पोरं वाडवलीत." "लाल पान्याचं इख तासाभरात बोलतं. ह्ये कारखान्याचं बोलतच नाय गो. अंगात गप बसून ऱ्हातं, वर्सानुवर्सं. मी ओटीवर बसून काय कपाल बगत व्हतू?"

मला रडू येतं. तिची काय चूक होती? दर वेळी स्वतःचा जीव पुढे करून ती आम्हाला जेवू घालत होती. तिला हे सांगायचं आहे, पण पाणी आता पोरांच्या ताटल्यांना लागलंय आणि ताटल्या तरंगायला लागल्या आहेत.

"आता घरात जानती कोन?" ती विचारते.

"मी."

ती माझी हनुवटी धरते, लहान पोराला औषध पाजताना धरतात तशी, आणि एक तिसरी माझ्या तोंडात कोंबते. "मग चाक. आनी काय ता सोताच्या तोंडानं बोल."

दाताखाली वाळू कचकचते.

"आये, ऊठ गो. चार वाजून गेले."

पंखा फिरतोय. घरभर ओल्या खोबऱ्याचा आणि गरम मसाल्याचा वास. उशाशी टोप नाही. प्रणाली गॅसपाशी उभी आहे, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात डाव. "तू इतकी गाढ झोपलेलीस, म्हटलं मीच करते. बस उठून, चाखून दे. कधीची थांबलेय."

मी उठून बसते. ती जवळ येते, माझ्या तोंडाकडे बघते आणि हसायला लागते. अंगठ्यानं माझा खालचा ओठ पुसते. अंगठ्याला काळी वाळू लागते, ओली, खाडीची.

"चोरून चाखलंस पण! आणि मी इथं वाट बघत बसलेय." ती वळून ताटलीत एकशिपी वाढून घेते. "काही झालं नाही ना तुला? मग खाते मी."

मला बोलता येत नाही, तोंड वाळूनं भरलं आहे. मी उठते आणि तिचं मनगट धरते, घट्ट, ती कळवळते तरी सोडत नाही. वाळू तळहातावर थुंकते आणि तो हात तिच्यासमोर धरते.

"चाखलं," मी म्हणते. "म्हणूनच नको."