खापरपणजोबाचा दगड
दोन हजार चौदा साल, मी एकसष्ट वर्षांचा, आखातात मेसईदच्या एका कारखान्यात फिटर होतो. चहाच्या वेळी आमच्या अमेरिकन सुपरवायझरनं मोबाइलवर खापरपणजोबाच्या थडग्याचा फोटो दाखवला. जर्मनीतून अमेरिकेत येऊन, ओसाड रान फोडून त्या माणसानं तिथं शेती उभी केलेली. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, “दगडावर काय लिहिलंय?” तो हसला, “जर्मन आहे. आमच्यात आता कुणालाच वाचता येत नाही.” मला काही हसू आलं नाही. माझ्या नातीला तरी कुठं मराठी वाचता येत होतं? गुरुवारी संध्याकाळी मदिनत खलीफाला मुलाकडं गेलो आणि सांगून टाकलं, पोरीला मराठी मी शिकवणार. सूनबाई म्हणाली, “अप्पा, तिला इंग्रजी, अरबी, फ्रेंच आहेच की. आणि तुमची शाळा दुसरीतच सुटली ना?” म्हटलं, “मग दुसरीपर्यंत शिकवीन. पुढचं तुम्ही बघा, शिकलेली माणसं आहात.” नात म्हणाली, “आजोबा, होमवर्क असणार?” “होमवर्क खलास,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलाला गाडी काढायला लावली, समैस्माच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत काठीनं खाटेएवढा ‘अ’ काढला आणि पोरीला म्हटलं, “चप्पल काढ, ह्या रेघेवरनं चाल.”