निजलेली जमीन

भगर निवडायला बसले होते. दुसऱ्या दिवशी सोमवारचा उपवास. अर्धी निवडून ताटात, अर्धी खड्यांसकट सुपात, तेवढ्यात दारात पुतळाबाई.

ही भगर तिच्याच शेतातली. घोटीच्याही वर, डोंगराच्या उतारावर तिची वाडी आहे. दर पंधरवड्याला डोक्यावर गाठोडं घेऊन नाशिकला येते. आम्ही भगर म्हणतो, ती वरई म्हणते. बारा वर्षं झाली, तिच्या वरईशिवाय आमच्या घरचा एक उपवास झालेला नाही. त्या दिवशी मात्र गाठोडं नव्हतं. पदराच्या गाठीतून तिनं घडी घातलेला कागद काढला.

"ताई, येवढं वाचून दावा. चावडीवर लावलाय, म्या शाळंतल्या एका पोराकडनं उतरून घेतला."

वाचला. खालच्या नगरपालिकेला कचरा टाकायला नवीन जागा हवी आहे. वाडीच्या वरचा उतार त्यासाठी प्रस्तावित. जमीन सरकारी, तीन वर्षांपासून पडीक. हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. त्यातले अकरा दिवस गेले होते.

"पडीक?" पुतळाबाई म्हणाली. "पडीक कुनी सांगितलं?"

मग हळूहळू उलगडलं. सांगितलं होतं तिनंच. दिवाळीनंतर मोजणीवाले साहेब आले होते. त्यांनी विचारलं, इथं काय पिकतं? ही म्हणाली, औंदा काय नाय, निजली हाय जमीन. किती वर्षं? दोन झाली, एक राहिलं. साहेबांनी दोन आणि एक तीन करून 'पडीक' लिहून नेलं.

त्या उताराची रीत मला तोवर माहीत नव्हती. तिचे दोन तुकडे. सासऱ्याच्या आधीपासून घर तेच कसतंय, कागदावर मात्र सरकारचे. एका तुकड्यावर पहिल्या वर्षी नागली, म्हणजे नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई (कणगीत साठवून ती पुढच्या खेपेपर्यंत पुरते), तिसऱ्या वर्षी खुरासणी, म्हणजे कारळे. मग त्याला तीन वर्षं निजवायचं आणि दुसऱ्याला उठवायचं. उतारावरची माती पातळ, दरसाल पिकवली तर दगड वर येतात. कचऱ्याला मागितला होता तो निजलेला मोठा तुकडा. तो गेला तर पिकता तुकडा निजेल त्या तीन वर्षांत नवरा वारलेल्या ह्या बाईनं खायचं काय? मजुरीला सिन्नरला उतरायचं, एवढंच उरतं.

हे संध्याकाळी कचेरीतून आले. त्यांना अर्ज लिहायची हौस. "'सदर जमीन पडीक नसून...' पुढे काय?"

"निजली हाय," पुतळाबाई म्हणाली.

"अहो, अर्जात असं लिहीत नाहीत."

"मंग काय लिहितात?"

ह्यांनी पेन टेकवलं, दोन शब्द लिहून खोडले. शेवटी 'विश्रांतीस ठेवलेली' असं लिहिलं. पुतळाबाईनं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, तिला फारसं पटलं नाही, तरी अंगठा दिला.

तेवढ्यात घंटागाडी आली म्हणून मी डबा घेऊन निघाले. मागून तिचा आवाज आला, "रिता करा ताई, रिता करा. तुमचा डबा रिता, आमचा डोंगर भरला!" ती हसत होती. मला हसता आलं नाही. आमचा कचरा तिच्या डोंगरावर जाणार नव्हता, हे खरं. पण गाडी वळणावरून पुढे कुठे जाते हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

चैत्रात सुनावणी झाली. "तुम्ही या, मला साहेबाचं बोलनं समजत नाय," म्हणाली म्हणून मीही गेले. देवापुढचा अंगारा पुडीत घेतला होता, तो तिच्या कपाळी लावला. सुनावणीचे साहेब तरुण, वाईट नव्हते. नगरपालिकेलाही कचरा कुठेतरी टाकायचाच आहे, असं म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग विचारलं, "बाई, पीक नाही, नांगर नाही, गवत वाढलंय. याला पडीकच म्हणतात ना?"

"साहेब, रविवारी हापिसात तुम्ही नसता. मंग हापिस पडीक का?"

मागे बसलेला शिपाई फिस्सकन हसला. साहेबही हसले, पण म्हणाले, "मला डोळ्यांना दिसेल तेच लिहिता येतं. पावसाळ्यात फेरपाहणी लावतो. त्या वेळी काय दिसेल ते लिहीन."

परतताना एस.टी.त ती घोटीपर्यंत बोटांवर वर्षं मोजत होती. उतरताना म्हणाली, "एक वर्स आधी उठवावी लागंल. आजारी मानसाला उठवल्यावानी."

वैशाखात तिनं राब भाजला, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांसाठी जागा तयार केली. जून सरता सरता मोठ्या तुकड्यावर नागलीची रोपं लावली. दोन्ही तुकडे एकटीनं होईनात, म्हणून यंदा दुसऱ्या तुकड्यावरची खुरासणी राहून गेली. निजलेल्याला उठवलं म्हणून तिनं त्या तुकड्याच्या कडेला नारळ फोडला, माफी मागितली. मी देवघरात रोज एक दिवा जास्त लावत होते. देवाला नेमकं काय मागायचं ते मात्र सुचत नव्हतं. कचरा जाऊ दे म्हणावं, तर जाणार कुठे?

श्रावणातल्या दुसऱ्या आठवड्यात साहेब छत्री घेऊन आले. गुडघ्याएवढी नागली पाहिली आणि जागेवरच कागदातलं 'पडीक' खोडलं. आता दुसऱ्या गावची जागा बघताहेत म्हणे.

काल पुतळाबाई आली तेव्हा मी म्हटलं, "सुटलीस बाई एकदाची."

"सुटले. पर तिथलीबी निजली नसंल कशावरनं?" जरा थांबून म्हणाली, "औंदाची नागली बारीक हाय, ताई. झोप झाली नाय तिची."

साहेब जाताना बजावून गेलेत, पीकपाहणीत नोंद नसली तर पुढच्या वेळी पुन्हा हाच कागद येईल. गुरुवारी ती तलाठ्याकडे नागलीची नोंद लावायला जाणार आहे.