सलीमच्या शेवटच्या गाण्यातली रिकामी जागा

मित्रांनो, आज सकाळी ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या कंपनी बसमध्ये ड्रायव्हरभाऊंनी सलीमची रॅपची सीडी लावली. तो गेल्यावर आम्ही दोस्तांनीच काढलेली.

आपलं कडवं संपलं की सलीम "आता तू बोल" म्हणून दुसऱ्याले माइक द्यायचा. शेवटच्या गाण्यात तो तसंच म्हणतो, पण पुढचं रेकॉर्डिंग व्हायच्या आधीच तो गेला. मंग नुसता ठेका वाजत राहते. सीडी नव्यानं काढताना आम्ही ते गाणं वगळणार होतो.

आज तो नुसता ठेका आला तसे ड्रायव्हरभाऊ बंद करायले गेले, तर मागं बसलेली सलीमची बहीण म्हणाली, "काऊन बंद करून राह्यले भाऊ?" आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणाऱ्या वीज केंद्राच्या राखेबद्दल तिनं त्या ठेक्यावर स्वतःचं अख्खं कडवं म्हटलं.

गाणं आता निघणार नाई. ठेकाही मोकळाच ठेवणार.

आता तू बोल.